हनुवटीवरचं फूल

१६ सप्टेंबर

आज मी डॉक्टर लोकांच्या मोबाईलला हात घातला, आणि तरी नोकरी शाबूत आहे.

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांनी, कापगते सरांनी, सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून पेशंटचे फोटो, एक्स-रे, सीटी, सगळं गुंजनच्या ताब्यात. ती म्हणेल तसं वागायचं." गुंजन म्हणजे मी. कालपर्यंत एक्स-रे काढत होते, आजपासून दवाखान्यातल्या सगळ्या फोटोंची राखणदार. पगार तोच, हे सांगायला नको.

नियम सोपा आहे. जखमेचा, गाठीचा, तोंडाचा फोटो काढायचा तर दवाखान्याच्या टॅबवर, आणि पेशंटला विचारून. तो टॅबमध्ये राहत नाही, सरळ सर्व्हरवर जातो. स्वतःच्या मोबाईलवर काढणं बंद, व्हॉट्सॲपवर टाकणं तर एकदम बंद.

मग जुने फोटो पुसायला एकेकाचा मोबाईल मागून घेतला. कापगते सरांच्या गॅलरीत नातवाच्या बारशाचा पाळणा, त्याच्या शेजारी कोणाचा तरी सुजलेला जबडा, त्याच्या शेजारी जिलबीचं ताट, मग टाके घातलेली मान. बाप्पा! मी विचारलं, "सर, पाहुण्यांना बारसं दाखवताना काय करता?" तर म्हणाले, "भरभर सरकवतो." सगळे हसले. मीही हसले. पण ती मान कोणाची हे सरांना काही केल्या आठवेना. मग कोणी हसलं नाही.

ही डायरी मी शाळेतल्या शुद्ध मराठीत लिहायची ठरवली आहे. डोकं सटकलं की घरची बोली बाहेर येते, त्याला इलाज नाही. आंधळगावच्या विणकराची पोरगी आहे मी. बाबा नेहमी ओरडायचे, "अवं, धागा तुटला तं आधी टोक शोध, ओढू नको." मी आधी ओढते.

१९ सप्टेंबर

आज नव्या पद्धतीनं पहिल्यांदा परवानगी घेतली. कौशल्याबाई नाकाडे, लाखांदूरकडच्या खेड्यातल्या, पन्नाशीच्या. उजव्या गालात गाठ, आतून बाहेरच्या कातडीपर्यंत आलेली. गुडाखू घासायच्या. तंबाखूची ती काळी पेस्ट, बोटावर घेऊन दातांना लावतात ती. पुरुषांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा चौकात दिसतो, बायांचं हे चुलीमागं चालतं.

मी टॅब घेऊन समोर बसले. म्हटलं, "काकू, तुमच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा आहे. इलाजासाठी डॉक्टर पाहतील. चालेल?"

"पाहू द्या. त्याच्यासाठीच आली मी."

"शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवला तर?"

जरा विचार केला. "पोरं शिकून राहिले तं शिकू द्या. पण वळख नोको लागाले."

"आणि लोकांसाठी? म्हणजे पोस्टर वगैरे?"

"नाही वं माय! चौकात नोको."

मी तिन्ही उत्तरं टॅबवर टाकली, अंगठा घेतला. मग फोटो. कौशल्याबाईंच्या हनुवटीवर गोंदण आहे, तीन ठिपके आणि त्याखाली देठासकट एक फूल, आता हिरवट पडलेलं. मला ते इतकं आवडलं की विचारलंच. म्हणाल्या, लहान होत्या तेव्हा आईनं मंडईच्या जत्रेत नेऊन गोंदवलं. "लगित रडली मी. दोघीनं पाय धरले होते माझे. गोंदणारीण म्हणे, रडू नोको पोरी, बाकी समदं इथंच राह्यते, हे तेवढं संगं येते."

नवरा टिकाराम दाराशी उभा होता. गमछा खांद्यावर. बायको बोलत होती आणि हा तिच्याकडे न बघता खिडकीतून सायकल स्टँड बघत होता.

२४ सप्टेंबर

कौशल्याबाईंचं ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा दिवे लागले होते. उजवा गाल आतून-बाहेरून काढावा लागला, पार हनुवटीपर्यंत. छातीचं कातडं वर घेऊन तिथं लावलं आहे.

टिकाराम जिन्याच्या पायरीवर बसून होता. मी म्हटलं, "भाऊ, झालं. चांगलं झालं." तर विचारतो काय, "हनुवटी राह्यली का जी?"

"अर्धी राहिली."

उठला, नळावर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन त्याच पायरीवर बसला. बाई जगली का, शुद्धीवर आली का, काही नाही. हनुवटी! धन्य आहे पुरुषजात.

२९ सप्टेंबर

बायकांच्या वॉर्डातला आरसा चोरीला गेला. बेसिनवर खिळ्याला टांगलेला असतो तो. रूपा सिस्टरनं शोधला तर टिकारामच्या पिशवीखाली, गमछात गुंडाळलेला सापडला. मी चांगलं फैलावर घेतलं. "दवाखान्याचा आरसा घरी न्यायचा विचार होता का?"

"नाही जी. जाताना लावून देतो."

"जाताना? मग आत्ता काय झालं?"

रूपा मला बाजूला ओढून म्हणाली, "राहू दे नं गुंजन." फार मऊ आहे ती. तिच्या वॉर्डातून कोणी पलंग नेला तरी ती "राहू दे" म्हणेल.

हट्टी पण किती! कौशल्याबाईंना नाकातल्या नळीनं पातळ पेज देतात. हा माणूस ती दोन पेल्यांत इकडून तिकडे करून निववतो आणि नळीत ओतायच्या आधी मीठ चाखून बघतो. मी सांगितलं, नळीतून चव लागत नसते. म्हणे, "मले माहीत हाय जी." आणि परत चाखलं.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज टिकाराम एक्स-रे रूमच्या दाराशी चपला काढून आत आला.

"मॅडम, तिचा ऑपरेशनच्या पयलेचा फोटू असल नं तुमच्याजवळ?"

"आहे."

"एक द्या नं जी. आमच्याजवळ तिच्या सबन तोंडाचा एकही नाही. आधारवर तं काईच दिसत नाही, पोरीच्या, करुणाच्या लग्नातल्यात तोंडावर पदर हाय."

"त्या हो म्हणाल्या तर देते."

"तिले नोका सांगू जी."

इथं माझं डोकं सटकलं. बायको तिथं नळीनं जेवून राहिली, तोंडाचे टाके अजून ओले, अन् याले तिचं जुनं तोंड पाह्यजे! तेही चोरून! मी तोंडावरच म्हटलं, "भाऊ, बायको म्हणजे सातबाऱ्यावर चढवलेलं वावर नाही. फोटो त्यायचा आहे. त्यायले विचारल्याशिवाय मी कापगते सरांना बी देणार नाही."

त्यानं मान हलवली, चपला घातल्या, गेला. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

नियम पाळला.

६ ऑक्टोबर

आज कौशल्याबाई घरी गेल्या. नळी निघाली आहे, बोलणं अजून जाड येतं. रेडिएशनसाठी नागपूरला जायचं आहे, त्याला इकडे सगळे शेक म्हणतात. त्याआधी एकदा तपासणीला इथं यायचं. जाताना टिकारामनं आरसा खिळ्याला लावून दिला, हे कबूल केलं पाहिजे. कौशल्याबाईंनी पदर पार डोळ्यांपर्यंत ओढला होता. आतूनच म्हणाल्या, "मंडईले ये वं पोरी. भाऊबीज झाली का आमच्या गावची. करुणा येते माझी."

दुपारी सरांना शिकाऊ डॉक्टरांसाठी एक फोटो हवा होता. कौशल्याबाईंचा ऑपरेशनआधीचा निवडला, त्यांनी शिकवायला हो म्हटलं होतं. मी नाव काढलं, गाव काढलं, नंबर काढला, डोळ्यांवर काळी पट्टी टाकली. मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. आता सख्खी बहीण ओळखायची नाही. शिकवण्याच्या फोल्डरमध्ये ठेवला. सर म्हणाले, "उत्तम. असंच काम पाहिजे."

संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं की सरांनी उत्तम म्हटलं. बाबा म्हणाले, "टोक शोधून केलं का?" मी म्हटलं, हो.

२६ ऑक्टोबर

कुठून सुरू करू कळत नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. आज कौशल्याबाईंच्या गावची होती. आमच्या दवाखान्यानं तिथं तोंड तपासायचा मंडप टाकला. शिबिरांचं सगळं मनिषभाऊ पाहतो. मी हौसेनं गेले, कौशल्याबाईंनी बोलावलं होतं म्हणून.

मंडपावर दाराएवढं बॅनर दोरीला बांधलेलं. वर लाल अक्षरात, "तंबाखू सोडा, तोंड तपासा." खाली फोटो.

पहिलं काय मनात आलं ते खरं लिहिते. पट्टी किती सरळ बसली आहे, हे आलं. मग आलं, हा फोटो इथं कसा?

तेवढ्यात मागून दोघी बाया बोलल्या.

"अवं, हे तं कौशल्या होय!"

"कोणती?"

"टिकारामची वं. फूल पाय नं हनुवटीवरचं. तसं फूल दुसऱ्या कोणाले हाय?"

मग तिसरी आली, चौथी आली. एकीनं पोराला उचलून दाखवलं. मी दोरी सोडायला धावले तर गाठ सुटेना. आणि मागे वळून बघते तर कौशल्याबाई उभ्या. हिरवं कोरं लुगडं, पदर तोंडावर, हात करुणाच्या हातात. माणसं आपोआप बाजूला झाली, ते अजून वाईट. त्या फोटोकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. पदराखालून हात वर गेला, हनुवटी चाचपली, आणि त्या वळून चालू लागल्या.

टिकाराम पलीकडे गोंदणाऱ्याच्या मशीनपाशी बसला होता, तिथून उठून आला. त्यानं माझ्या हातातली गाठ घेतली, सोडली, बॅनर खाली उतरवलं, चादरीसारखी घडी घातली आणि काखेत मारून घेऊन गेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी मंडपात बसून राहिले. पुढं तोंड दाखवायला कोणी आलं नाही.

२७ ऑक्टोबर

सकाळी मनिषभाऊला अख्ख्या दवाखान्यासमोर झाडलं. "कोणाले विचारून लावला तू? चौकात नोको म्हणाली होती ते बाई! तिच्या तोंडानं नाही म्हणाली होती!"

तो बिचारा पांढरा पडला. "शिकवायच्या फोल्डरात होता. डोळे झाकून होते. मले वाटलं, वळख नाही तं चालते."

"कसं चालते? साऱ्या गावानं वळखलं!"

"मंग डोळे कायले झाकले होते?" तो म्हणाला. भांडायला नव्हे, खरंच विचारत होता.

मी एक्स-रे रूममध्ये जाऊन कडी लावली आणि फोटो उघडला. पट्टी माझी. मापात, काळीकुट्ट. आणि तिच्या खाली ते फूल, देठासकट, गोंदणारिणीनं काल काढल्यासारखं. याच डायरीत मी लिहिलं आहे की मला ते किती आवडलं. तरी दिसलं नाही. डोळे झाकले की झालं, असंच एक्स-रेच्या कोर्समध्ये शिकवलं, आणि मी शहाणी, कोर्सचं ऐकलं, बाईकडे पाहिलं नाही.

खूप रडले. मग फोल्डरला कुलूप घातलं, आता सर स्वतः मागतील तरी परवानगी पाहिल्याशिवाय उघडणार नाही. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम मीच म्हटलं होतं ना." रागावले असते तर सोपं गेलं असतं.

३० ऑक्टोबर

आज कौशल्याबाईंची तपासणी होती. आल्या नाहीत. फोन केला तर टिकारामनं उचलला. "ती नाही येत म्हणते जी."

"आणि नागपूरला?"

"तिथं बी नाही. म्हणते, तिथं बी फोटू काढतीन."

सरांनी मला खुर्चीत बसवून नीट समजावलं. शेक वेळेत सुरू झाला नाही तर गाठ परत येते. आपली गाडी पाच तारखेला पेशंट घेऊन नागपूरला जाते, ती चुकवून चालणार नाही. "आणि परत आली, तर काढायला गाल उरलेला नाही, गुंजन."

एका फोटोपायी बाई मरायला बसली. नाही, फोटोपायी नाही. माझ्यापायी.

२ नोव्हेंबर

कौशल्याबाईंच्या घरी जाऊन आले. सर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. डॉक्टर दारात आले की लोक हो-हो म्हणतात आणि नंतर येत नाहीत.

एसटीतून उतरले तर सगळीकडे धान कापणी. अंगणात कौशल्याबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून पदर ओढला आणि पाठ केली. मी त्या पाठीशीच बोलले. म्हटलं, "काकू, तो फोटो मी तयार केला. पट्टी मी टाकली. फूल माझ्या लक्षात आलं नाही. मंडईत लावायला मी दिला नाही, पण लावता येईल असा मीच करून ठेवला. माझं चुकलं."

शेंगा सोलायचा आवाज चालू. मग तो थांबला.

"लोकायनं पाह्यलं ते सोड," त्या म्हणाल्या. "लोक आज पाह्यतीन, उद्या विसरतीन. मले काय वाटलं सांगू? मी उभी राह्यली अन् म्हटलं, हे बाई कोण होय? एवढी गाठ होती माझ्या तोंडाले? मी नोती पाह्यली वं! डॉक्टरनं पाह्यली, तू पाह्यली, शिकणाऱ्यायनं पाह्यली. यायनं दवाखान्यातला आरसा लपवला, घरचा तं गाठ आली तवाच माळ्यावर टाकला. अन् मी मले कुठी भेटली? मंडईत. दोरीवर."

डॉक्टर पाहतील का, शिकणारे पाहतील का, लोक पाहतील का, सगळं विचारलं होतं मी. तुम्हाला पाहायचा आहे का, हे विचारायला टॅबवर जागा नव्हती. पण तोंड तर होतं ना मला!

"दाखव आता," त्या वळून म्हणाल्या.

"इथं नाही काकू. ते फोटो दवाखान्याबाहेर निघत नाहीत."

"आता नाही निघत!" आणि त्या हसल्या. डावीकडून, अर्ध्या तोंडानं, पण हसल्या. मला इतकी लाज आणि इतकं बरं एकदम कधी वाटलं नव्हतं.

"परवा या. सगळे दाखवते. इलाजाचे तेवढे ठेवावे लागतील, बाकी जो म्हणाल तो पुसते."

"पाह्यतो," एवढंच म्हणाल्या.

टिकाराम एसटीच्या थांब्यापर्यंत आला. बस दिसल्यावर बोलला, "तो आरसा... तिनं पाह्यलं नाही तं तिले दुखणार नाही, असं वाटलं जी."

मी म्हटलं, "मला तेवढंही वाटलं नव्हतं भाऊ. मला वाटलंच नव्हतं काही."

४ नोव्हेंबर

आल्या! लाखांदूरच्या बसनं. मी सकाळपासून दाराकडे बघून राहिले होते.

एक्स-रे रूमची कडी लावली. टिकाराम बाहेर बाकड्यावर. कौशल्याबाईंनी स्वतःच पदर खाली घेतला. मी म्हटलं, ऑपरेशनचे पाहवणार नाहीत, सोडून देऊ? "सोडाचं नाही," म्हणाल्या. एकेक फोटो दाखवला. कुठं कातडं काढलं, कुठून आणून लावलं, सगळं विचारलं. एका फोटोशी डोळे मिटून बसल्या, माझा हात धरला, मग म्हणाल्या, "चाल, पुढं."

पट्टीवाला आला तेव्हा विचारलं, "हा मी पुसू का?" मी त्यांचं बोट बटणापाशी नेलं. त्यांनी दाबलं. परत परत दाबत राहिल्या, तो गेल्यावरसुद्धा.

शेवटी ऑपरेशनआधीचा, पट्टी नसलेला. त्यांनी पडद्यावरच्या फुलावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःची हनुवटी धरली. डाव्या बाजूला एक ठिपका आणि अर्धं फूल उरलं आहे. उजवीकडे छातीचं कातडं, कोरं.

"हाच मांगतला होता नं यायनं?"

मी गडबडले. टिकारामनं सांगू नका म्हटलं होतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पस्तीस वर्षं झाले लग्नाले. मले सांगा लागते? बलाव त्यायले."

टिकाराम आत आला, फोटो पाहिला आणि तिथंच उभा राहिला. कौशल्याबाईंनी विचारलं, "कायले पाह्यजे होता जी तुमाले? माझं जुनं तोंड पाह्याले?"

"नाही वं." जमिनीकडे पाहत म्हणाला. "मंडईत गोंदणारा येते. त्याले विचारलं होतं. अर्धं राह्यलं तं पुरं करून देतो म्हणला, पण नमुना आणा म्हणला. ते तेवढंच संगं येते म्हणते नं तू. म्हणून."

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. सातबारा म्हणाले होते मी या माणसाला! हनुवटी राहिली का, हे त्यानं पायरीवर बसून काहून विचारलं, ते आज कळलं. यापुढे मी त्यांना टिकारामभाऊ लिहिणार, अहोजाहो करणार.

सरांना बोलावून विचारलं. त्यांनी मान हलवली. "शेक घेतल्यावर त्या कातडीला सुई लावायची नाही. जखम झाली तर भरणार नाही."

"बरं," टिकारामभाऊ म्हणाले. इतक्या हळू की ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं.

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "एक काढून दे यायले. हाच. अन् लिहून ठेव, यायलेच. दुसऱ्या कोणालेच दाखवाचा नाही."

"गोंदणाऱ्याले बी नाही?" भाऊंनी विचारलं.

"त्याचं आता काय काम?"

"असंच. विचारलं."

मी फोटो छापला, पाकिटात घातला आणि परवानगी लिहिली. आतापर्यंत माझ्या हातून बाहेर गेलेला हा पहिला फोटो, जो जायला पाहिजे होता.

५ नोव्हेंबर

नागपूरची गाडी गेली. दोघं तिच्यात होते. खिडकीतून कौशल्याबाई ओरडल्या, "माझ्या शेंगा सुकवाले घातल्या, पाऊस आला तं करुणाले फोन करजो!" तिचा नंबर माझ्याकडे नाही, हे गाडी गेल्यावर लक्षात आलं.

१७ नोव्हेंबर

टॅबवर आता चौथा प्रश्न घालून घेतला. "फोटो तुम्हाला पाहायचा आहे का?" घालणाऱ्या पोरानं नागपूरहून फोनवर विचारलं, असं कोण विचारते? मी म्हटलं, आम्ही विचारतो.

आज चिखल्याच्या खाणीतल्या एका माणसाला विचारलं. पायाची जखम होती. म्हणाला, नको. काही हरकत नाही. मी विचारलं तर होतं.

२९ डिसेंबर

शेक संपवून आज दोघं आले. कौशल्याबाई वाळल्या आहेत, गाल आणि मान करपल्यासारखी काळी पडली आहे, पण सर म्हणाले, गाठ नाही. कुठंच नाही. हे ऐकून मी रूपाला मिठी मारली आणि तिच्या हातातली औषधं सांडली.

मग नेहमीचा फोटो काढायचा होता. मी टॅब समोर धरून पहिले तीन प्रश्न विचारले. त्यांनी पदर घेतलाच नव्हता. इलाजाला हो, शिकवायला हो. "फूल झाकजो मातर!" म्हणाल्या. लोकांसाठी नाही.

मी टॅब रोखला तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब. करुणाचे बाबा, या नं जी इकडं."

टिकारामभाऊ लाजत आले. कौशल्याबाईंनी त्यांचा डावा हात धरला, शर्टाची बाही वर सारली आणि मनगट स्वतःच्या हनुवटीला लावलं. मनगटावर तीन ठिपके आणि देठासकट एक फूल. नवीन, गर्द हिरवं, अजून किंचित सुजलेलं.

"नागपुरात धर्मशाळेपाशी बसत होता एक जण," भाऊ म्हणाले. "तिले विचारलं होतं जी. ती हो म्हणली, तवाच त्याले फोटू दाखवला."

"रडले का नाही विचार," कौशल्याबाई म्हणाल्या. "पाय धराले कोणी नोतं, तं मीच धरले!"

मला टॅबमध्ये काही दिसेना. डोळे पुसले, परत धरला. म्हटलं, "काकू, नियमानं फक्त चेहऱ्याचा फोटो घ्यायचा असतो."

"मंग हा बी चेहराच होय. हात सोडून काढशील तं अर्धीच येईन मी."

मी काढला. एक हनुवटी, तिच्यावर अर्धं फूल, आणि लगेच बाजूला पुरं.

मग चौथा प्रश्न विचारायचा होता. मी तोंड उघडायच्या आत कौशल्याबाईंनी हात पुढं केला.

"आण इकडं. आधी मले दाखव."

मी टॅब त्यांच्या हातात दिला.